ट्रेलरचा मागचा दिवा

मला मोटार चालवता येत नाही. ब्रेक तेवढा दाबता येतो. कितीतरी वर्षं मी रोज सकाळी लुगडं सावरत एका ट्रकच्या सीटवर चढले, ब्रेक दाबला, सोडला, आणि खाली उतरून म्हशीचं शेण काढायला गेले. शेजारच्या बायका म्हणायच्या, "हिला नवऱ्यानं डायवर केली." मी उत्तर देत नसे. उत्तर द्यायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर विहीर, चूल आणि गोठा यांनी आधीच वाटून घेतलेला असायचा.

आमचं घर बदलापुरात, हेंद्रेपाड्याला. सासऱ्यांची थोडी भातशेती होती. आमचे हे लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी छावणीत मोटारींच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथं वायरिंग शिकले. लढाई संपली, गोरे निघून गेले, आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर तीनमधल्या एका सिंधी शेठनं लष्कराच्या लिलावातला एक ट्रक घेतला, पुढं कुठून तरी एक ट्रेलर मिळवला, आणि ह्यांना ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. बदलापूरच्या बाजूला खाणीवर खडी भरायची आणि अंबरनाथवरून उल्हासनगरला नेऊन टाकायची, हे काम. तिकडं तेव्हा रोज नवी भिंत उभी राहत होती. संध्याकाळी रिकामी गाडी आमच्याच अंगणात येऊन थांबायची, आणि तिच्याबरोबर तिची धूळही घरात यायची. ती धूळ मी झाडली.

त्या काळी ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला खूण करायचा. थांबतोय, वळतोय, सगळं हातानं. पण मागं उंच फळ्यांचा ट्रेलर लावला की तो हात दिसायचा कुणाला? ट्रकचा मागचा लाल दिवाही ट्रेलरच्या आड जायचा. म्हणून अशा गाड्यांवर ट्रेलरच्या अगदी टोकाला एक माणूस बसवायची पद्धत होती. गाडीचा वेग मोडला की त्यानं हात वर करायचा, आणि अंधारून आलं की लाल कापड गुंडाळलेला कंदील हलवायचा. आमच्या गाडीवर तो माणूस म्हणजे माझे सासरे.

"पोरगा पुढं, बाप मागं," मामंजी म्हणाले. "परका मानूस कशाला? त्याला झोप लागली मंजे?"

झोप लागायची ती मामंजींनाच. साठीच्या पुढचं वय, दिवसभर खाणीवर उन्हात बसलेले, परतीच्या वाटेवर वारा लागला की मान खाली जायची. गोणपाटाची घडी करून तिच्यावर ते पाय खाली सोडून बसत. घरी येत ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. मग खोकला. रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता मी आल्याचा काढा ठेवायची, आणि ओट्यावरून तो खोकला ऐकत राहायची. एका संध्याकाळी खड्ड्यात चाक गेलं आणि मामंजी रस्त्यावर पडले. नशीब, मागं कुणी नव्हतं. कोपर सोललं, धोतर फाटलं, कंदिलाची काच गेली. बरंच पुढं जाईपर्यंत ते ह्यांच्या लक्षातच आलं नाही. मागं वळून पाहिलं तर बाप फुटका कंदील घेऊन चालत येतोय.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मला म्हणाले, "बाला तिथनं उठवायला पायजे. दिवे लावतो ट्रेलरला. ट्रकचा ब्रेक दाबला की ट्रेलरचा दिवा लागला पायजे. मग मानूस बसवायची गरज नाय."

मला वाटलं, दोन तारा जोडायच्या, एका रविवारचं काम. पण ट्रक अमेरिकन आणि ट्रेलर इंग्रजांचा. ट्रकची बॅटरी सहा व्होल्टची, ट्रेलरवरचे जुने बल्ब बाराचे. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा विझत आलेल्या उदबत्तीएवढा उजेड पडला. मामंजी जवळ जाऊन वाकून बघत म्हणाले, "लागलाय का? हात लावून बगू?" ह्यांनी शेठच्या मागं लागून बल्ब बदलून आणले. मग दिवे लागले, पण उलटे. नुसती रात्रीची बारीक बत्ती लावली की ब्रेकचा मोठा दिवा भकभक पेटायचा आणि ब्रेक दाबला की बारीक. ट्रेलरच्या तारांचे रंग उन्हापावसानं एकसारखे मातकट झाले होते, कुठली कुठं जाते ते कळायला मार्ग नव्हता. ह्यांनी माझ्याकडं चिंध्या मागितल्या. मी माझ्या जुन्या लुगड्याचे काठ फाडून दिले. ब्रेकच्या तारेला लाल चिंधी, बारीक बत्तीच्या तारेला हिरवी. ट्रकच्या तारांनाही तशाच बांधल्या, म्हणजे लालला लाल आणि हिरव्याला हिरवी. लग्नातलं लुगडं होतं ते. मला वाईट वाटलं, पण ते फाटलंच होतं, आणि फाटलेल्या लुगड्यासाठी रडायला मला सवड नव्हती.

तिसरी एक तार होती, तिला हे इंग्रजीत 'अर्थ' म्हणायचे, म्हणजे जमिनीची तार. मला त्यांनी समजावलं होतं ते असं, की वीज दिव्यापर्यंत तारेतून जाते आणि परत यायला तिला लोखंड लागतं. ट्रकच्या आणि ट्रेलरच्या सांगाड्यात चांगला सांधा नसला तर ती परत येत नाही, आणि दिवा लागत नाही. म्हणून त्यांनी ट्रेलर ट्रकला अडकवायच्या दांडीला एक जागा घासून चकचकीत केली आणि तिथं ती तार बोल्टनं आवळली. उजवीकडं वळताना लावायला आणखी एक वेगळा दिवा बसवला, त्याचं बटण स्टिअरिंगजवळ. ते बटण कुठल्याशा बराकीतल्या घंटीचं होतं. दाबलं की मागं लागायचा, सोडलं की विझायचा, त्यामुळं वळणावर हे अंगठ्यानं टकटक करत बसायचे.

मामंजींना हे काही पटलं नव्हतं. दिवे लागायला लागल्यावरही ते गोणपाट घेऊन मागं बसतच होते. "दिवा जागा हाय का निजलाय, ते कोन बगनार?" हा त्यांचा प्रश्न. बरेच दिवस ते दिव्यांवर पाळत ठेवून गेले. ब्रेक लागला की मान वाकवून खाली बघायचं, दिवा पेटला की हुंकार द्यायचा. शेवटी भाद्रपदात, गणपती गेल्यावर, एके दिवशी ते निघायच्या वेळी ओट्यावरच बसून राहिले. म्हणाले, "जा. तुजा दिवा चांगला हाय."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी दुपारी चक्क झोपले. लग्न होऊन आल्यापासून दुपारी झोपले ती बहुधा तेव्हाच. महिनाभर घरात खोकला कमी झाला. मामंजी शेताच्या बांधावर जायचे, शेजाऱ्यांना आपल्या मुलाच्या दिव्यांच्या गोष्टी सांगायचे. जिथं आधी नाक मुरडत होते तिथं आता, "आमच्या पोरानं इंग्रजाचा ट्रेलर अमेरिकन मोटारीला बोलता केला," असं ऐकू यायला लागलं.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं अवजारं धुऊन पुजतात. मामंजींचं पुजणं म्हणजे नुसतं कुंकू लावणं नव्हे. नांगर असो, कोयता असो, ते एकेक भाग सुटा करायचे, घासायचे, तेल द्यायचे, पुन्हा जोडायचे. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की ट्रेलरसुद्धा आपलंच औत आहे. शेठकडून काळ्या रंगाचा डबा आला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामंजी त्या ट्रेलरच्या खाली शिरले ते दिवसभर बाहेर आले नाहीत. मी जाता येता बघत होते. एकेक नट काढून, रॉकेलनं धुऊन, रंगवून, वाळवून, परत लावत होते. मी पुरणाची डाळ शिजवत होते, पाणी भरत होते, ओटा सारवत होते. त्यांनी मला फडका मागितला, मी दिला. संध्याकाळी ट्रेलर असा चमकत होता की त्यात माझं दमलेलं तोंड दिसलं. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, नारळ, आपट्याची पानं. शेठ येऊन हात जोडून गेला. म्हणाला, "काका, इसको तो दुल्हन बना दिया आपने." मामंजी लहान मुलासारखे लाजले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी कामावर गेली. संध्याकाळी परतताना अंबरनाथच्या अलीकडं रानातली गुरं रस्त्यावर आली. ह्यांनी ब्रेक दाबला. मागून एक लॉरी येत होती. तिच्या ड्रायव्हरला काहीच दिसलं नाही. लॉरी ट्रेलरवर आदळली आणि ट्रेलरची मागची फळी आत घुसली. कुणाला फार लागलं नाही. ह्यांची छाती स्टिअरिंगवर आपटली, तेवढंच. लॉरीवाला खाली उतरून ओरडत होता, "अरे, बत्ती कहाँ है तेरी? अंधा हूँ क्या मैं?"

गाडी रडतखडत अंगणात आली तेव्हा आम्ही सगळे बाहेर धावलो. मामंजी ट्रेलरच्या मागं गेले. ज्या जागी ते गोणपाट घालून बसायचे, ती फळी मोडून तिचे दोन अणकुचीदार तुकडे बाहेर आले होते. मी ते पाहिलं. हा माणूस तिथं असता तर आज आम्ही त्याला कशात गोळा करून आणलं असतं, एवढंच माझ्या मनात आलं. मामंजींच्या मनात मात्र वेगळंच आलं. ते म्हणाले, "मी असतो तर कंदील हलवला असता. तो थांबला असता."

"बा, तू असतास तर..." हे म्हणाले.

"दिव्यानं दगा दिला. उद्यापासनं मी बसनार."

शेठही आला, त्यानंही तेच सांगितलं. "वायर-बियर रहने दो भाई. पीछे आदमी बिठाओ. आदमी पे भरोसा है मेरा."

हे उठले. कंदील घेऊन ट्रेलरच्या दांडीपाशी बसले आणि मला हाक मारली. मी गेले. त्यांनी अर्थच्या तारेचा बोल्ट काढला होता. जी जागा त्यांनी घासून चकचकीत केली होती, तिच्यावर काळाभोर, गुळगुळीत रंग. तारेच्या कडीवर रंग. बोल्टच्या आत रंग. मामंजींनी ती तारसुद्धा सोडवून, धुऊन, रंगवून, पूजा करून परत आवळली होती. विजेची परतीची वाटच त्यांनी बुजवून टाकली होती. ट्रकच्या हुकात अडकणाऱ्या कड्यालाही रंग होता, म्हणजे तिथूनही सांधा नाही.

"बाला सांगू नको," हे म्हणाले.

माझा संताप झाला. "सांगनार नाय तर उद्या ते परत मागं बसतील. फळी बगितली ना तुमी?"

"सांगितलं तर तो उद्या जेवनार नाय, परवा जेवनार नाय. पोराची गाडी माज्यामुळं ठोकली, ह्ये घेऊन तो कसा जगंल?"

"आनि मागं बसून कसे जगतील?"

पातं घेऊन ते रंग खरवडत बसले. मी उभी राहिले. दिवसभराचं पाठीत भरलं होतं. आत भाकऱ्या व्हायच्या होत्या, म्हैस ओरडत होती, आणि ही बापलेकाची जोडी, एकाला खरं सांगवत नाही आणि दुसऱ्याला खोटं पचत नाही. मी तशीच ओट्यावर गेले आणि मामंजींना म्हटलं, "मामंजी, दिवा निजला होता, तुमचं बरोबर हाय. वायर तुटली होती. पन तुमी मागं बसून त्याला जागं कसं ठेवनार? निघायच्या आधीच बगितलं पायजे. रोज सकाळी तुमी मागं उभं ऱ्हायचं. दिवा लागला तर लागला म्हना. नाय लागला तर गाडी हलनार नाय. तुमच्या शब्दाशिवाय गाडी दाराबाहेर जानार नाय."

मामंजींनी घोंगडी खांद्यावर ओढली. मग म्हणाले, "ब्रेक कोन दाबनार? त्यो तर तारा धरून बसंल."

"मी दाबीन," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. त्या एका वाक्याची शिक्षा मी पुढं वर्षानुवर्षं भोगली.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. फटफटायच्या आधी उठायचं, चूल पेटवायची, पाणी ठेवायचं, आणि मग ट्रकवर चढायचं. हे दांडीपाशी उकिडवे बसून तारा हलवून बघायचे. मामंजी ट्रेलरच्या मागं, घोंगडी पांघरून, दोन्ही पाय रोवून उभे. मी ब्रेक दाबायचा. मागून आवाज यायचा, "लागलाऽ!" मी सोडायचा. "गेलाऽ!" मग उजवीकडचं बटण. "लागलाऽ! गेलाऽ!" अख्ख्या पाड्याला ऐकू जायचं. कुणाकुणाची पोरं त्या हाकेनं जागी व्हायची. पावसाळ्यात मांजर्लीकडं नदी चढली की खाणीचं काम बंद पडायचं, गाडी अंगणात उभी असायची, तरी मामंजी सकाळी घोंगडी घेऊन तयार. "सवय मोडाया नको," म्हणायचे. मला ती सवय मोडायला फार आवडलं असतं. ताप असला तरी मी चढले. दिवस गेले होते तेव्हाही, सातव्या महिन्यापर्यंत चढले. सीटवर बसल्या बसल्या कधी कधी डोळा लागायचा, आणि मागून मामंजी ओरडायचे, "सूनबाय, गेला म्हनलं! पाय काड!"

पण ते पुन्हा मागं बसले नाहीत. एकदाही नाही. त्यासाठी मी दिवसभर मेल्यासारखी राबले असते तरी चाललं असतं, आणि मी राबलेच.

दर दसऱ्याला मामंजी ट्रेलर रंगवायचे. नट न् नट सुटा करून, तसाच. अर्थचा बोल्टही सुटायचा, धुतला जायचा, रंगवला जायचा. आणि दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे माझ्याही आधी उठायचे, पातं घेऊन अंधारात दांडीपाशी जायचे आणि तेवढी जागा खरवडून परत आवळून यायचे. मग आम्ही आपापल्या जागी. "लागलाऽ!" मी ह्यांना एकदा म्हटलं, त्यांना सांगा की बाबा एवढा एक बोल्ट सोडून द्या. हे म्हणाले, "का सोडायचा, इचारलं तर?" खरवडणाऱ्यानं खरवडावं.

शेवटच्या दसऱ्याला मामंजी फार थकले होते. दृष्टी अधू झाली होती. पण लाल उजेड दिसायचा म्हणायचे. आदल्या दिवशी रंग देताना त्यांनी मला डबा धरायला बसवलं. सगळं झालं, दांडी झाली, कडं झालं, आणि बोल्टपाशी येऊन त्यांनी ब्रश डब्यात ठेवून दिला.

"ह्यो ऱ्हायला, मामंजी," मी म्हटलं. जीभ चावायला हवी होती.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "परवा त्याला तेवडीच जरा झोप मिळंल. सकाळी खरखर खरखर करीत बसतो. मला काय ऐकू येत नाय?"

मी डबा धरून तशीच बसले. "तुमाला म्हाईत होतं?"

"पुढच्याच साली कळलं. दुसऱ्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खरखर कशाची म्हनून बगाया गेलो, तर त्यो ह्यो बोल्ट खरवडतोय. मागं फिरलो."

"मंग येवडी वर्सं रंगवलात कशाला?"

"त्याला वाटत होतं, बाला म्हाईत नाय. त्याला बरं वाटत होतं ना. मंग मी न रंगवून कसं चालंल?" त्यांनी हात फडक्याला पुसले. "तू सांगू नको त्याला. मी हाय तवर."

मला हसूही आलं आणि त्या दोघांच्या टाळक्यात तो डबा घालावासाही वाटला. बाप मुलाचं मन सांभाळतोय, मुलगा बापाचं, आणि त्या दोघांच्या सांभाळण्यापायी मी रोज पहाटे ब्रेक दाबतेय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे पातं घेऊन गेले आणि लगेच परत आले. त्यांना वाटलं असावं, मामंजींना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून बोल्ट राहून गेला.

त्या थंडीत मामंजी गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. दिवस वार झाले, पाहुणे परतले, शेठ येऊन बसून गेला, आणि गाडी पुन्हा कामावर न्यायची वेळ आली. मी सवयीनं उठले, चूल पेटवली, ट्रकवर चढले. हे दांडीपाशी बसले होते. त्यांना वाटलं असेल की आता मी उतरेन, हे काम संपलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. मी खाली वाकून त्यांना सांगितलं. बोल्टचं, खरखरीचं, दुसऱ्या दसऱ्याचं, सगळं. वेगळी वेळ शोधत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं.

ह्यांनी तारा सोडून दिल्या. उठले, ट्रेलरच्या कडेनं चालत मागं गेले, आणि मामंजी उभे राहायचे तिथं जाऊन उभे राहिले. मला आरशातून फक्त घोंगडीचा काठ दिसत होता. घोंगडी मामंजींचीच होती.

"दाब," म्हणाले.

मी ब्रेक दाबला आणि वाट बघितली. अंगणात चुलीचा धूर पसरत होता. म्हैस ओरडली. मागून काहीच आवाज येईना.

"लागला का?" मी विचारलं.

लाल उजेडात घोंगडीचा काठ डोळ्यांकडं जाताना दिसला. मी पाय काढला नाही.